कडक तुकडा आधी वळतो

फेब्रुवारी सरत आला की आमच्या भागात दोन कामं एकदम अंगावर येतात. कॉलेजात परीक्षा आणि शेतात टोमॅटोची बांधणी. मी वारूळवाडीहून घोडेगावच्या बाजूला रसायनशास्त्र शिकवायला जाते, गेली वीसेक वर्षं. नारायणगाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांत काठ्या उभ्या राहिलेल्या दिसतात, काठ्यांवर तारा ओढलेल्या असतात आणि तारांखाली बायका वाकलेल्या असतात. कमरेला सुतळीचे तुकडे खोचलेले, डोक्यावर टॉवेल नाहीतर नवऱ्याची जुनी टोपी. रोप उचलायचं, सुतळीचा फास बुंध्याभोवती घ्यायचा, दुसरं टोक वरच्या तारेला बांधायचं, पुढे सरकायचं. मी ठरवते की बाहेर बघायचं नाही, एसटीत बसून पेपर तपासायचे. मग बघते. कळंब मागं पडेपर्यंत पेपर पिशवीत गेलेले असतात.

टोमॅटोच्या पाल्याला एक वास असतो. फळाला नसतो तो, पाल्यालाच असतो. उग्र, थोडा औषधासारखा. दिवसभर बांधणी केली की बोटं हिरवी-काळी पडतात आणि साबण लावला की फेस पिवळा येतो. माझ्या आईच्या हातांना मार्चपासून मेपर्यंत हाच वास असायचा. ती भाकरी करायला बसली की पिठाच्या वासातूनही तो यायचा. लहानपणी मी नाक मुरडायची. आता एसटीत एखादी बाई शेजारी येऊन बसते, तिच्या हातांना तो वास असतो, आणि तिचा स्टॉप आला की मला उगाच वाईट वाटतं.

नेमका याच दिवसांत तिसऱ्या वर्षाच्या वर्गात माझा पॉलिमरचा धडा चालू असतो. तो मी वेळापत्रकात मागे-पुढे करून पाहिला, पण धडा हटत नाही. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळी. काही साखळ्यांत सगळे भाग सारखे नसतात; एक तुकडा कडक, मग एक लवचीक, पुन्हा कडक, पुन्हा लवचीक. मी खराट्याच्या काड्या घेते, दोन काड्यांच्या मध्ये सुतळी बांधत जाते आणि ती माळ टेबलावर टाकते. तिचा जो गुंता होतो तो बघून पोरं हसतात. "मॅडम, हा तर आमच्या घरचा केर झाला," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. मग मी विचारते, ही साखळी दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली, तर आधी ओढीच्या दिशेला कोण येईल? कडक तुकडा की लवचीक?

सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, लवचीक. यंदाही ओरडला. आहुप्याकडून येणारी एक मुलगी तेवढी गप्प होती. तिला उभं केलं तर ओढणीचं टोक चाळवत म्हणाली, "मॅडम, कडक तर आधीच सरळ हाय. त्याला निस्तं तोंड फिरवायचंय."

मी तिला शाबास म्हटलं आणि फळ्याकडे वळून बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर पुसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तिचं बरोबर होतं. द्रवात पोहणारी एक सुटी साखळी डोळ्यांपुढे आणा. उष्णतेचे धक्के तिला चहूबाजूंनी बसत असतात. लवचीक भागाला गुंडाळून बसायच्या हजार तऱ्हा आहेत आणि सरळ व्हायची एकच, म्हणून तो ओढलं तरी आत आत येत राहतो. कडक तुकडा एकसंध असतो. तो वळतो तेव्हा सगळाच्या सगळा वळतो, आणि त्याला वळवायला थोडीशी ओढ पुरते. लवचीक भाग सरळ करायचा तर खूप जोर लावावा लागतो आणि जोर सोडला की तो पुन्हा आपल्या जागी. रबराच्या घट्ट गोळ्यात चित्र वेगळं असतं, पण एका साखळीपुरतं हे असं आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत मी याच्या बरोब्बर उलट लिहून आले होते. नंतर सर भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, अहो उलटं लिहिलंत. कडक भाग आधी वळतो. एवढं साधं कसं चुकलात?" मी तिथंच प्रयोगशाळेत रडायला लागले. सरांना वाटलं मार्कांसाठी रडतेय. ते बिचारे चहा सांगायला गेले.

चूक पुस्तकातून आली नव्हती, घरातून आली होती. आमच्या घरात दादा कडक आणि आई लवचीक, हे गावाला पाठ होतं. दादा म्हणजे माझे वडील. शेतातली सरी वीतभर वाकडी गेली तर पुन्हा काढायला लावणारा माणूस. सणाला नवे कपडे घालून आरशात दुसऱ्यांदा बघितलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आई सगळ्यांना हो म्हणायची. पाहुण्यांना हो, शेजारणीला हो, मला तर विचारायच्या आधीच हो. पुण्याला शिकायला जायचं ठरलं तेव्हाही मी दादांना काही बोलले नाही. आईला सांगितलं आणि आईनं त्यांना कसं सांगितलं ते तिलाच माहीत. दादांची परवानगी काढायचा रस्ता आईवरून जातो, असं मी मानत आले. रस्ता खरंच तसा होता का, हे मी कधी पाहिलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अभ्यासाची सुट्टी लागली तशी पुस्तकांची पिशवी घेऊन मी वारूळवाडीला आले. आमच्या शेतात बांधणी नुकतीच सुरू झाली होती. विहिरीजवळच्या जांभळीखाली सतरंजी टाकून मी वाचत बसायची आणि समोर सात-आठ बायका बांधणी करत असायच्या. त्यांत बांधालगतची पहिली ओळ आईची. हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम होता. मालकीणबाई पहिली ओळ धरते आणि बाकीच्या तिच्या हाताच्या वेगानं चालतात. आई पुढं गेली की सगळ्या पुढं, आई थांबली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. आयुष्यात तिनं हट्टानं धरलेली अशी ती एकच गोष्ट असेल. माहेरच्या लग्नाला गेली तरी बांधणीच्या दिवशी हजर. अंगात ताप असला तरी पहिली ओळ तिची.

त्या हंगामात आईच्या हातांतलं बळ चाललं होतं. आज मी हे एका वाक्यात लिहून टाकते. तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर महिनाभर चाललं होतं आणि मी डोळ्यांपुढे पुस्तक धरून बसले होते.

खुणा काय कमी होत्या? तिच्या भाकरीची कड जाड राहायला लागली होती. कळशी ती दोन्ही हातांनी उचलायची. माझी वेणी घालून द्यायची ती दुपारपर्यंत सुटून जायची. मी एकदा म्हटलंही, "आई, वेणी घालतेस की नुसती केसांना हात लावतेस?" ती हसली. "म्हातारी झाले गं आता," म्हणाली. पंचेचाळिशीची बाई. मीही हसले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

त्याच सुमारास दादांबरोबर जुन्नरला सुतळी आणायला गेले होते. रशीदचाचांच्या दुकानातून आमची सुतळी वर्षानुवर्षं यायची. अंधारं लांबट दुकान, दोरखंडांच्या वेटोळ्यांनी भरलेलं, आत शिरलं की तागाच्या धुळीनं शिंक यायचीच. दोन-तीन वर्षं सगळे शेतकरी प्लॅस्टिकची सुतळी नेत होते, आम्हीही. त्या वर्षी दादांनी तागाची मागितली. जाड, नरम, जुन्या चालीची.

मला गप्प बसवेना. पॉलिमर शिकत होते ना! मी दोघांना उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. प्लॅस्टिक कुजत नाही, ओलं होऊन फुगत नाही, ताण जास्त घेतं. तागाला भिजलं की काही अर्थ नाही. चाचा कौतुकानं ऐकत होते. "बेटी लई शिकली हो," म्हणाले. दादा म्हणाले, "सुतळीच द्या. पिलास्टिक न्हाई."

चाचा गठ्ठा काढता काढता म्हणाले, "नरम पायजे म्हणता... भाभींच्या हाताला आता कसं हाय?"

"हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई," दादा म्हणाले. "चल, एसटी चुकंल."

प्लॅस्टिकची सुतळी गुळगुळीत असते. तिची गाठ जोर लावून आवळली तरच बसते, नाहीतर सरकते. ताग खरखरीत. त्याची गाठ ढिली पडली तरी धागा धाग्याला धरून ठेवतो. हे मला, पॉलिमर शिकणाऱ्या मुलीला, त्या दुकानात सुचलं नाही. जुन्नरहून परत येताना एसटीच्या खिडकीत बसून मी दादांच्या हेकटपणावर मनातल्या मनात चरफडत होते.

पण तागानंही निभेना. आठवड्याभरात गाठी सरकून आईच्या ओळीतली रोपं खाली बसायला लागली असणार. मी 'असणार' म्हणते, कारण मला ती बसलेली कधी दिसली नाहीत. सकाळी बायका यायच्या तेव्हा पहिली ओळ ताठ उभी असायची.

एके दिवशी पहाटे मला लवकर जाग आली. परीक्षा जवळ आली की माझी झोप उडते, अजून उडते, पोरांची परीक्षा असली तरी. उठून शेताकडे गेले. फटफटलं होतं, पाल्यावर दव होतं. पहिल्या ओळीत दादा गुडघ्यावर बसले होते. त्यांच्या तोंडात सुतळीचे तुकडे होते. आईनं आदल्या दिवशी बांधलेली एक एक गाठ ते चाचपून बघत होते, सरकलेली सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. बांधणी बायकांचं काम. आमच्याकडे पुरुष काठ्या रोवतात, तार ओढतात, फवारणी करतात. सुतळीला हात लावत नाहीत. दादांना मी सुतळी बांधताना तोवर पाहिलं नव्हतं. त्यांना ते नीट येतही नव्हतं. एका एका रोपाला तिच्या तिप्पट वेळ लागत होता.

मला बघून ते दचकले. तोंडातली सुतळी काढून म्हणाले, "अभ्यासाला उठली व्हय? जा, घरात बस. हितं गार लागंल."

आणि मी काय समजले? मी समजले, हा माणूस बायकोच्या कामात चुका काढतोय. सरी वीतभर वाकडी चालत नाही, तशी हिची गाठही चालत नाही. ती बिचारी दिवसभर उन्हात वाकून बांधते आणि हा पहाटे येऊन सगळं सोडून पुन्हा स्वतःच्या मनासारखं बांधतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं कडक ते कडक आणि लवचीक ते लवचीक असं मानत आल्यावर समोरचं दृश्य त्याच साच्यात जाऊन बसलं. मी पाठ फिरवून घरी आले.

सगळं खरं मला फार उशिरा कळलं. महाशिवरात्रीच्या आगेमागे दादा आईला घेऊन पुण्याला गेले होते, एका मोठ्या डॉक्टरांकडे. मी त्याच शहरात होस्टेलवर होते. मला भेटले नाहीत, कारण परीक्षा होती. संध्याकाळच्या एसटीनं परत आले. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून दादांना सांगितलं होतं की हा नसांचा आजार आहे, याला औषध नाही, आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं. दादांनी बाहेर येऊन आईला सांगितलं, अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात. मग घरी येऊन त्यांनी ठरवलं की एवढा हंगाम तिचा तिला करू द्यायचा. त्यासाठी लागेल ते ते करत गेले. आधी तागाची सुतळी आणली, मग पहाटे उठायला लागले. आयुष्यभर जो माणूस कुणाच्या सांगण्यानं तसूभर हलला नव्हता, तो तिच्या हाताचं कळल्याबरोबर सगळाच्या सगळा फिरला. कुणाला ओढावं लागलं नाही.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत दादांनी भाकरी करायला शिकून घेतलं, तिचे केस विंचरायला शिकून घेतलं, तिला लुगडं नेसवायला शिकून घेतलं. लोक म्हणायचे, काय बदलला हो माणूस. दोन हजारच्या पुढच्या कुठल्याशा उन्हाळ्यात, आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते विहिरीच्या कठड्यावर बसले होते. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू तिला घिऊन आणिक चार डाक्टर फिरली असतीस. तुझं बी बरोबरच व्हतं म्हणा. पन तिला तेवडी बांधनी करायची व्हती." माझ्यावर त्यांनी ठपका ठेवला नाही. त्या दुपारचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही.

तीच दुपार सांगायची राहिली आहे. इतका वेळ मी पॉलिमर सांगतेय, सुतळी सांगतेय, ते त्या दुपारपाशी यायचं टाळण्यासाठी.

दादांना पहाटे पाहिलं त्याच दिवशीची दुपार. बायका पलीकडच्या बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. आई आपली भाकरी घेऊन माझ्याजवळ जांभळीखाली आली. उन्हानं चेहरा लाल झाला होता, पण खुशीत होती. म्हणाली, "बगितलीस का वळ? यंदा बी माझीच ताट हाय. हिराबाई म्हणती, मालकीणबाई, तुमच्या हाताला नजर लागंल."

मला तिची कीव आली, दादांचा राग आला, आणि मी बोलून गेले. तिच्या बाजूनं बोलतेय असं वाटून बोलले. "कसली ताठ गं आई! तू दिवसभर मरमर मरतेस आणि दादा पहाटे येऊन तुझी एक एक गाठ सोडून पुन्हा बांधतात. मी आज डोळ्यांनी बघितलं. रोज येत असतील. एवढं काय कडक वागायचं माणसानं? तुझ्या गाठी त्यांना चालत नाहीत का?"

आईनं घास खाली ठेवला. मला वाटलं तिला दादांचा राग येईल. निदान डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. बोटं हिरवी-काळी झाली होती आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. ते तिला सरळ करता येत नव्हतं. मी पहिल्यांदा ते तेव्हा पाहिलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"समदं. डाक्टरनं त्यांस्नी काय सांगितलं ते मी त्यांच्या तोंडावरनंच वळखलं. आन पहाटं उठून जात्यात, ते बी ठावं हाय. हातरून गार लागतं की मला. गाठ सरकतीया हे माझ्या बोटांला कळत न्हाई व्हय?" मग थोडं थांबून म्हणाली, "पन त्यांस्नी वाटतं मला म्हाईत न्हाई. त्यांस्नी तसं वाटतंय म्हणून तर मी येत व्हते गं. ते पहाटं बांधायचे, मी दिसा बांधायची. चाललं व्हतं आमचं."

मी म्हटलं, मी दादांना काही सांगत नाही, आपण हे बोललोच नाही असं समजू. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जणू मी अजून लहान आहे आणि काहीतरी फोडून बसले आहे.

"आता तू बोललीस," ती म्हणाली. "माझ्या तोंडावरनं त्यांस्नी कळनार. आता कशी जाऊ मी?"

सगळ्यांना हो म्हणणारी माझी आई. ती महिनाभर सगळ्या बाजूंनी ओढली जात होती, आणि तरी स्वतःला आवळून धरून, त्या पहिल्या ओळीत उभी होती. तिला तिथून काढायला आजार पुरा पडला नव्हता, मी पुरी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा फाटकापाशी थांबले. पहाटेचं सगळं करून, पाय धुऊन, जणू आत्ताच उठलेत असे तयार होऊन आले होते. आत बघून म्हणाले, "येती न्हवं? बाया आल्या."

आई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. "आज हिराबाईला धरू द्या पयली वळ," म्हणाली.

दादांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत उभी होते. लहानपणापासून ज्याला मी घाबरत आले तो आवाज त्या दिवशी मला हवा होता. ते आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला पोरी म्हणाले.

"अभ्यास कर, पोरी," म्हणाले, आणि एकटेच शेताकडे निघाले.